बैलगाडीला आठ, बाईला शून्य

रस्त्यावरची गर्दी मोजायची एक सरकारमान्य पद्धत आहे. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची 1934 साली स्थापन झालेली संस्था रस्त्यांचे नियम ठरवते. रस्ता किती रुंद असावा, वळण केवढं असावं, सिग्नल कसा बसवावा, सगळं तिच्या पुस्तिकांत असतं. गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी तिनं 1990 साली एक कोष्टक दिलं. त्यात प्रत्येक वाहनाला एक आकडा आहे. मोटार म्हणजे 1. स्कूटर, मोटारसायकल अर्धा. सायकल अर्धा. बस किंवा ट्रक 3. हातगाडी 3. घोडागाडी 4. आणि बैलगाडी 8!

चालणाऱ्या माणसाला या कोष्टकात आकडाच नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नातवाचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभी असलेली बाई या हिशेबात कुठेच बसत नाही.

आता कोणी म्हणेल, अहो, ते कोष्टक वाहनांचं, त्यात बाई कशाला येईल? बरोबर आहे. बैलगाडीला 8 दिले ते काही तिचा मान राखायला दिलेले नाहीत. ती हळू चालते, मागच्यांची वाट अडवते, आठ मोटारींइतका त्रास देते, म्हणून 8. पण यातच सगळं आलं बघा. जो अडवतो त्याचा हिशेब होतो. जी कोणालाच अडवत नाही, निमूटपणे कडेला उभी राहते आणि गाड्या संपायची वाट बघते, तिचा हिशेब करायची कोणाला गरजच वाटत नाही. घरात काय आणि रस्त्यावर काय, नियम एकच.

माझं सगळं भांडण या शून्याशी आहे. ते कुठल्या एका अधिकाऱ्याशी नाही.

आमच्या धारगळात हा विषय आता घराघरांत निघतो. पनवेलहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 66 गावाच्या अंगणातून जातो. त्याला पूर्वी 17 नंबर म्हणत. तेव्हाही तो मोठाच रस्ता होता, पण ओलांडता येत असे. मग चौपदरी झाला. 11 डिसेंबर 2022 ला मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी धारगळच्या आयुर्वेद संस्थेचंही झालं. पुढच्या जानेवारीत विमानं सुरू झाली. धारगळच्या सुकेकुळणहून मोपाला जाणारा सहापदरी जोडरस्ता आला. पत्रादेवीकडून येणारे ट्रक, कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशाहून येणाऱ्या टॅक्सी, पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या, सगळं इथे एकत्र येतं. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. राज्यात नोंदवलेली वाहनं आज त्याहून जास्त आहेत. पाळण्यातल्या बाळालाही एक गाडी येईल, असा हिशेब.

या गर्दीत रस्ता ओलांडायची गोष्ट काढली की तीन उत्तरं ठरलेली असतात. एक, सिग्नल नको, कोंडी होते. दोन, सिग्नल ठेवा, पण हिरवा लांब ठेवा, गाड्यांना थांबवू नका. तीन, उड्डाणपूल होईल तेव्हा बघू. तिन्ही उत्तरं गाडीत बसलेल्या माणसाची आहेत. मीही गाडीत बसते, मलाही लाल दिवा आवडत नाही. पण गाडीतून उतरल्यावर माझे पाय माझेच असतात ना?

या उत्तरांशी भांडायचं तर सिग्नलचं काम कसं चालतं ते आधी कळायला हवं. आपण बायका “ते तांत्रिक आहे” म्हणून सोडून देतो आणि तिथेच हरतो. हे तांत्रिक फारसं अवघड नाही.

सगळ्या बाजूंना एकेकदा हिरवा मिळून पुन्हा पहिल्या बाजूला येईपर्यंतचा वेळ म्हणजे सिग्नलची एक फेरी. दर बदलाला काही सेकंद फुकट जातात. पिवळा असतो, पुढची गाडी गियर टाकते, मग हलते. चार बाजूंच्या चौकात असे एका फेरीत पंधरा-सोळा सेकंद वाया जातात असं धरा. म्हणून अभियंता म्हणतो, फेरी लांब करा, बदल कमी होतील. तवा एकदा तापला की चार भाकऱ्या सलग भाजाव्यात, गॅस वाचतो, हे आपल्यालाही कळतं. पण म्हणून पहिल्यालाच चाळीस भाकऱ्या वाढून बाकीचं घर ताटकळत ठेवत नाही आपण.

हा मध्य कुठे गाठायचा याचं सूत्र वेब्स्टर नावाच्या इंग्रज संशोधकानं 1958 साली मांडलं. जगभर अजून ते शिकवतात. सोळा सेकंद वाया जातात असं धरून त्याच्या सूत्रात आकडे घातले, तर सत्तर टक्के भरलेल्या चौकात फेरी सुमारे 97 सेकंदांची येते. ऐंशी टक्के भरला तर 145. सूत्र हुशार आहे, उगाच लांब फेरी ठेवली तर सगळ्यांचाच वेळ जातो हेही ते दाखवतं. पण ते वेळ वाचवतं कोणाचा? वाहनांचा. चालणाऱ्याचा वेळ त्या सूत्रात घातलेलाच नाही. 145 सेकंदांची फेरी म्हणजे सव्वादोन मिनिटांहून जास्त. कडेला उभ्या असलेल्या माणसाला त्यातले बहुतेक सेकंद उन्हात किंवा पावसात काढायचे असतात. तीस सेकंदांच्या पुढे थांबावं लागलं की चालणारी माणसं उतावीळ होतात आणि लाल असतानाच निघतात, हे अभियंत्यांनीच लिहून ठेवलंय. मग एखादी मेली की आपण म्हणतो, घाई नडली. सव्वादोन मिनिटं उभं करून ठेवणाऱ्या फेरीला कोणी काही म्हणत नाही.

आता ओलांडायला किती वेळ लागतो ते पाहू. एक पदर साडेतीन मीटरचा. चौपदरी म्हणजे नुसता डांबरी भाग 14 मीटर. मधला दुभाजक, कडेच्या पट्ट्या धरल्या तर वीसच्या वर जातो. आपल्याकडच्या नियमात चालणाऱ्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात. त्या वेगानं वीस मीटरला सतरा सेकंद पुरतात. पण सेकंदाला 1.2 मीटर कोण चालतं? तरणाताठा माणूस, रिकाम्या हातानं. गुडघे गेलेली सासूबाई, सातव्या महिन्यातली सून, दप्तर पाठीवर आणि लहान भाऊ बोटाला धरलेली मुलगी या वेगानं चालत नाहीत. सेकंदाला 0.8 मीटर धरा, पंचवीस सेकंद लागतात. सतरा दिले आणि पंचवीस लागले, तर उरलेले आठ सेकंद ती बाई रस्त्याच्या मधोमध असते, आणि समोर गाड्यांनी रेस करायला सुरुवात केलेली असते.

आठ सेकंद! एवढाच वाद आहे. अमेरिकेसारख्या गाडीवेड्या देशानंसुद्धा 2009 साली आपल्या नियमात चालण्याचा वेग 1.2 मीटरवरून सुमारे 1.07 वर आणला, कारण म्हातारी माणसं पोचत नव्हती. सिंगापूरनं त्याच वर्षी एक साधी सोय सुरू केली. ज्येष्ठ नागरिकानं आपलं सवलतीचं कार्ड खांबावरच्या यंत्राला लावलं की चालण्याचा हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीप्रमाणे 3 ते 13 सेकंद जास्त राहतो. म्हातारीनं कार्ड लावायचं, दिवा तिच्यासाठी थांबतो. तिथल्या गाड्यांचं काही बिघडलं नाही. शहर चालूच आहे.

आपल्याकडे मात्र आता “हुशार” सिग्नलची हवा आहे. पुण्यात स्मार्ट सिटीच्या पैशांतून शंभरावर चौकांत गर्दीप्रमाणे आपोआप वेळ बदलणारे सिग्नल बसले. आमच्या गोव्यात 2023 च्या जूनमध्ये मेरशीच्या चौकात नियम मोडणाऱ्याला पकडणारे कॅमेरे आले. चांगलं आहे. यंत्राला माझा विरोध नाही, माझ्या स्वयंपाकघरात चार यंत्रं आहेत. पण मिक्सरमध्ये जे घालाल तेच वाटून निघतं. कॅमेऱ्याला गाड्या मोजायला शिकवलं तर तो गाड्यांनाच वेळ देणार. पाच-दहा माणसं कडेला खोळंबली आहेत हे बघायला त्याला कोणी सांगितलं नसेल, तर त्याच्या लेखी तिथे कोणी नाही. यंत्र हुशार झालं, पण आतलं शून्य तसंच राहिलं. उलट आता त्या शून्याला विज्ञानाचा शिक्का मिळाला.

बसचंही तेच. बसला कोष्टकात 3 दिलेत. कदंबच्या बसमध्ये पन्नास माणसं असतात, त्यांतल्या अर्ध्याअधिक बायका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतणाऱ्या, नोकरीवरून येणाऱ्या, दवाखान्यातून येणाऱ्या. एकट्या माणसाची गाडी 1, पन्नास जणांची बस 3. म्हणजे बसमधल्या बाईला एका रुपयातले सहा पैसे आले आणि गाडीतल्या साहेबांना अख्खा रुपया. चालत असेल तर तिला पैसासुद्धा नाही.

मला सांगतील, बाई, तुम्ही अन्याय करता. पादचाऱ्यांची वेगळी मोजणी असते, वेगळे नियम असतात. असतात हो. नियम मीही वाचलेत. ओलांडण्याची खास सोय कुठे करायची हे ठरवायला एक गणित आहे. गर्दीच्या तासात किती माणसं रस्ता ओलांडतात तो आकडा घ्यायचा, त्याला गाड्यांच्या आकड्याच्या वर्गानं गुणायचं, उत्तर ठराविक मर्यादेच्या वर गेलं तर सोय द्यायची. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण मोजतात कोणाला? जी ओलांडते तिला. जी भीतीपायी ओलांडतच नाही, जिनं मुलीची शिकवणी बंद केली कारण ती पलीकडे आहे, जिनं सासऱ्यांना पलीकडच्या देवळात नेणं सोडलं, ती मोजणीत कुठे येणार? रस्ता जितका भयंकर, तितक्या ओलांडणाऱ्या कमी. आणि ओलांडणाऱ्या कमी, म्हणून सोयीची गरज नाही! ज्या वाड्यावर नळच नाही तिथे नळाचं पाणी कोणी वापरत नाही, म्हणून नळ नको, असं म्हटल्यासारखं झालं हे.

शिवाय मोजणी होते कधी? गाड्यांच्या गर्दीच्या वेळी, सकाळी ऑफिस भरताना आणि संध्याकाळी सुटताना. आपली वेळ वेगळी. आमच्याकडे शाळा दुपारी दीडच्या सुमाराला सुटते. औषधं आणायला, बँकेत जायला, माहेरी चक्कर मारायला आपण अकरा ते चारमध्ये निघतो. त्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन नाक्यावर कोणी उभं नसतं.

याचं मला नवल वाटत नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत बायका घरकामाला दिवसाला 289 मिनिटं देतात आणि पुरुष 88, असं निघालं. जवळजवळ पाच तास. या पाच तासांचा पगार नाही, रजा नाही, देशाच्या उत्पन्नात नोंद नाही. ज्यांचे पाच तास कोणी मोजत नाही, त्यांचे आठ सेकंद कोण मोजणार?

आता आपल्या समाजापुरतं थोडं बोलते, कारण हा विषय आपल्या दारातून जातो. आपले मुनी महाराज आणि आर्यिका माताजी पायी विहार करतात. ईर्यासमिती म्हणजे पुढची चार हात जमीन नीट पाहत, जीव वाचवत चालायचं. एवढ्या जपून चालणाऱ्या माणसांना आज महामार्गाच्या कडेनं चालावं लागतं. निपाणी, कागल, कोल्हापूर या पट्ट्यात ज्यांनी विहारात सोबत केली आहे त्यांना मागून येणाऱ्या ट्रकचा वारा माहीत आहे. विहारात वाहनाच्या धडकेनं साधू-साध्वी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. शोकसभा होते, डोळे पुसतो, सरकारला निवेदन देतो. आणि त्याच सभेहून घरी जाताना आपली गाडी झेब्रा पट्ट्यांवर उभी असते. मुंगी वाचवायला रात्रीचं जेवण सोडणाऱ्या घरातला मुलगा पिवळा दिसला की वेग वाढवतो, आणि मागे बसलेली आई गप्प असते. सामायिकाला 48 मिनिटं एका जागी बसणारे आपण. सिग्नलला 48 सेकंद बसवत नाहीत?

अहिंसा ताटापुरती ठेवायची नसेल तर ती स्टिअरिंगवरही यायला हवी. मला जे म्हणायचं ते एवढंच, प्रवचन करत नाही.

“उड्डाणपूल झाला की प्रश्न सुटेल” हे सगळ्यांचं आवडतं उत्तर. पर्वरीत पाच किलोमीटरचा उन्नत मार्ग बांधायला घेतला. तिथल्या बायकांना विचारा, खाली काम चालू असताना रस्ता ओलांडणं म्हणजे काय. पूल होईल, वरून गाड्या सुसाट जातील, तेही चांगलंच. पण आपण वर राहत नाही, खाली राहतो. पुलाखालच्या चौकातही शेवटी कोणाला किती सेकंद द्यायचे हा प्रश्न उरतोच. तसाच तो पादचारी पूल. चाळीस पायऱ्या चढा, चाळीस उतरा. गाडीला पेट्रोल लागतं आणि माझ्या गुडघ्याला काही लागत नाही, असा समज आहे वाटतं! चढायला कोणाला लावलं? ज्याच्याकडे इंजीन नाही त्याला.

“विमान चुकेल” हे दुसरं. चुकू नये. पण विमान पकडणाऱ्याला दहा मिनिटं आधी निघता येतं. शाळा सुटल्यावर रस्त्यावर आलेल्या मुलीला दुसरा रस्ता नसतो.

आणि “माणसं कुठून आणायची, पैसे कुठून आणायचे” हे तिसरं. 2024 च्या डिसेंबरअखेर धारगळात सनबर्नचा जलसा झाला. तीन दिवस पोलीस उभे होते, वाहतुकीचं नियोजन होतं, गाड्या कुठून वळवायच्या ते ठरलं होतं. नाचायला आलेल्यांसाठी ते करता आलं. मग शाळेच्या वेळी अर्धा तास का करता येऊ नये? सेकंद बदलायला तर पैसेही लागत नाहीत. पूल बांधायला कोटी लागतात, पण सिग्नलची वेळ बदलायला पेटी उघडून आकडा बदलायचा असतो. सगळ्यांत स्वस्त सुधारणा ही, आणि तीच सगळ्यांत शेवटी सुचते.

जगातला पहिला वाहतूक-सिग्नल कशासाठी लागला, माहीत आहे? डिसेंबर 1868 मध्ये लंडनला, पार्लमेंटच्या बाहेर. तेव्हा मोटारी नव्हत्याच. घोडागाड्यांच्या गर्दीतून खासदारांना पायी रस्ता ओलांडता येईना, म्हणून गॅसचा दिवा लावला. काही आठवड्यांतच तो फुटला, पोलीस भाजला, ती गोष्ट निराळी. पण मुळात सिग्नल चालणाऱ्यासाठी जन्माला आला. चालणारा खासदार होता तेव्हा गाड्या थांबवायची युक्ती सुचली. चालणारी बाई झाली तेव्हा “कोंडी होते” हे सुचलं.

कायदाही आपल्या विरुद्ध नाही. 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांत झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असं लिहिलंय. पुणे महापालिकेनं 2016 साली पादचारी धोरण मंजूर केलं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदपथ वापरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. कागदावर आपण राण्या आहोत. रस्त्यावर उतरलं की शून्य.

तेव्हा मागायचं काय, ते स्पष्ट मागू. चालण्याचा वेळ सेकंदाला 0.8 मीटर धरून द्या. फेरी इतकी लांब नको की माणूस कंटाळून लालमध्ये शिरेल. बटण बसवलं तर ते चालू ठेवा. शाळा सुटताना आणि दवाखान्याजवळ एकदा चारही बाजू थांबवून फक्त माणसांना जाऊ द्या. मोजणी दुपारीही करा, आणि गाड्यांऐवजी माणसं मोजा. बसमधल्या पन्नास म्हणजे पन्नास. कडेला थांबलेल्यांनाही मोजा.

आणि हे मागायला अभियंता व्हावं लागत नाही. ज्या बाईला कुकरची तिसरी शिट्टी शेजारच्या खोलीतून मोजता येते तिला सिग्नलचे सेकंद मोजता येतात. पुढच्या वेळी म्हापशाला, पणजीला जाल तेव्हा मोबाइलचं घड्याळ लावा. गाड्यांना किती, आपल्याला किती, आणि पलीकडे पोचायला प्रत्यक्ष किती लागले, तीन आकडे वहीत लिहा. दुधाचा हिशेब लिहितो तसा. चार जणींच्या चार वह्या झाल्या की ग्रामसभेत बसा. मागच्या रांगेत नको, पुढे बसा. “आम्हाला त्रास होतो” असं म्हणू नका. त्रास ऐकायची तिथे सवय झालेली असते. आकडा सांगा. सतरा दिलेत, पंचवीस लागतात, आठ द्या.

ते म्हणतील, गाड्या अडतील. म्हणा, अडू देत. बैलगाडीनं अडवलं तेव्हा तिला 8 दिलेतच ना?